ग्राहकाच्या हातून लागणारे पट्टे: विनाईल कापण्यापासून पार्सल बांधेपर्यंत

गाडी दुकानात समोर उभी असते तेव्हा तिच्यावर लावायचा विनाईलचा, म्हणजे पाठीला गम असलेल्या पातळ प्लॅस्टिकचा, शोभेचा पट्टा थोडा चुकला तरी निभावून जातं. दोन मिलिमीटर कमी पडला तर जरा ताणून घेतो, तिरका बसला तर लगेच उचलून परत बसवतो, कोपरा उठला तर हीट गन हाताशी असते. पार्सलने पाठवलेल्या पट्ट्याचं तसं नसतं. तो लावणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्यांदाच स्क्वीजी (पट्टा दाबून बसवायची सपाट पट्टी) हातात धरत असतो आणि त्याच्यासमोर त्याची स्वतःची, जिवापाड जपलेली गाडी असते. म्हणून लावताना जे जे अडू शकतं ते आपल्या टेबलावरच सोडवून पाठवायचं. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीसाठी आहे. प्लॉटर (विनाईल कापायचं यंत्र) चालवता येतो, वीडिंग (कापल्यावर नको असलेला भाग सोलून काढणं) जमतं, पण ग्राहकाने स्वतः लावायचं असं किट कधी बनवलेलं नाही, अशांना डोळ्यासमोर ठेवून लिहितोय.

माल कोणता घ्यायचा

बोलताना आपण सगळ्यालाच रेडियम म्हणतो, पण रोल मागवताना कास्ट की कॅलेंडर्ड हे नेमकं सांगावं लागतं. कॅलेंडर्ड विनाईल तापलेल्या रोलरांमधून दाबून, ओढून पातळ केलेलं असतं. त्या ओढीचा ताण त्याच्या अंगात राहतो आणि गाडी उन्हात तापू लागली की ते हळूहळू आखडतं. जुन्या पट्ट्याच्या कडेने काळपट रेघ दिसते ती यामुळेच. विनाईल मागे सरकलेलं असतं, गम जागच्या जागी राहिलेला असतो आणि त्यावर धूळ बसलेली असते. कास्ट विनाईल द्रवरूपात पसरून भट्टीत सुकवतात, त्यामुळे त्यात ताण जवळजवळ नसतो आणि ते वळणावर शांत बसतं. त्याची जाडी साधारण ५० मायक्रॉन असते, तर कॅलेंडर्डची ६५ ते ८० मायक्रॉनच्या आसपास. ओराकल या ब्रँडच्या मालात सांगायचं तर ६५१ कॅलेंडर्ड, ७५१ आणि ९५१ कास्ट.

नवखा माणूस लगेच म्हणेल, मग सगळं कास्टमध्येच कापू. पण कास्ट मऊ असतं, अननुभवी हाताखाली नकळत ताणलं जातं. दरवाजाच्या सपाट भागावरच्या बोटभर रुंदीच्या सरळ पट्टीसाठी चांगलं पॉलिमेरिक (म्हणजे कमी आखडणारं) कॅलेंडर्ड पुरतं आणि लावणाऱ्याला ते सोपंही जातं. तळव्यापेक्षा रुंद काहीही असेल, किंवा बोनेटच्या नाकावरून, बंपरवरून जाणार असेल, तर मात्र कास्टच घ्या. इथे पैसे वाचवले तर वर्षा-दोन वर्षांत कडा बोलू लागतात.

दुसरा निर्णय हवा निघून जाणाऱ्या मालाचा. या विनाईलच्या गममध्ये बारीक नाल्या असतात, अडकलेली हवा दाबली की त्यांतून बाहेर निघते. रुंद पट्ट्यासाठी नवख्या हाताला याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही. पण हा माल कोरडाच लावायचा. साबणाचं पाणी मारलं की त्या नाल्यांत पाणी अडकतं आणि सगळा फायदा जातो. साधा गम असलेलं विनाईल ओल्या पद्धतीने लावता येतं, म्हणजे ते सरकवून जुळवायला वेळ मिळतो. कोरडं की ओलं हे आत्ताच ठरवा, कारण ट्रान्सफर टेप (कापलेला पट्टा कागदावरून उचलून गाडीवर नेणारी वरची चिकट टेप) आणि सूचनापत्र दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.

मेटॅलिक रंग असेल तर सगळे तुकडे एकाच रोलमधून आणि एकाच दिशेने कापा. जागा वाचवायला एखादा तुकडा आडवा फिरवला तर टेबलावर फरक कळत नाही, पण उन्हात गाडीवर तो वेगळ्या रंगाचा दिसतो.

माप आणि चौकशी

स्टीलची टेप बोनेटच्या वळणावर बसत नाही, मधे हवेत राहते आणि माप कमी येतं. ग्राहकाला शिंप्याची कापडी टेप वापरायला सांगा. ती पत्र्याला चिकटून, वळणावरून नेऊन मोजायची. आकार साधा नसेल तर साधा कागद गाडीवर मास्किंग टेपने चिकटवून, पत्र्याच्या कडा बोटाने दाबून, उमटलेल्या घडीवर पेन्सिल फिरवून तो कागदच पाठवायला सांगावा. फोटोवरून काम करायचं असेल तर फोटोत टेप लावलेली दिसली पाहिजे आणि कॅमेरा पत्र्यासमोर काटकोनात हवा. उभं राहून वरून खाली काढलेला दरवाजाचा फोटो मापासाठी निरुपयोगी आहे.

मापाबरोबर हे विचारून घ्याच: पट्ट्याच्या वाटेत काय काय येतं? काचेवर पाणी उडवणारे नोझल, लोगो, हँडल, पार्किंग सेन्सर, पेट्रोलचं झाकण. पत्रा पुन्हा रंगवलाय का, आणि कधी? ताज्या रंगातून बरेच दिवस वायू निघत राहतो आणि तो विनाईलखाली फुगे करतो. हवेवर सुकलेल्या रंगाला मी किमान महिनाभर थांबायला सांगतो. गाडीवर वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग आहे का? आणि पट्टा खडबडीत काळ्या प्लॅस्टिकवर जाणार आहे का? जाणार असेल तर मी त्या भागापुरतं सरळ नाही म्हणतो. त्यावर गम नीट धरत नाही आणि दोष शेवटी पट्ट्याला लागतो.

‘ड्रायव्हरची बाजू’ हा शब्द मात्र पूर्ण टाळा. स्टिअरिंग कुठे डावीकडे असतं, कुठे उजवीकडे. गाडीत पुढे तोंड करून बसल्यावर जी उजवी, ती उजवी. हेच वाक्य मी मापाच्या फॉर्मवर, तुकड्यावर आणि सूचनापत्रावर तिन्हीकडे लिहितो.

आखणी

बंपरपासून बंपरपर्यंत एकसलग पट्टा फाईलमध्ये छान दिसतो, पण तो कुणी एकट्याने लावू शकत नाही. पुढचा बंपर, बोनेट, छप्पर, डिकी, मागचा बंपर असे वेगळे तुकडे करा. गाडीच्या पत्र्यांतल्या फटीच आपले सांधे. एकाच पत्र्यावर सांधा द्यावाच लागला तर मागचा तुकडा आधी लावायचा आणि पुढचा त्यावर ६ मिलिमीटर चढवायचा, छपराच्या कौलांसारखा. म्हणजे धावत्या गाडीचा वारा आणि पाणी सांध्यावरून निघून जातं, आत शिरत नाही.

टोकांना किती जास्त द्यायचं? बोनेटच्या पुढच्या कडेवरून पट्टा खाली वळवायचा असेल तर त्या टोकाला ५० मिलिमीटर जादा. छपराच्या दोन्ही टोकांनाही तसंच. दरवाजाच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. व्यवसायात पट्टा दरवाजाच्या कडेवरून आत वळवतात, ते दिसायलाही सुंदर असतं. पण नवख्या माणसाला ती वळवण नीट जमत नाही आणि दरवाजा उघडताना बोट लागून लागून ती सुटते. म्हणून दरवाजाचे तुकडे मी कडेच्या ३ मिलिमीटर अलीकडे थांबवतो. दोन पावलांवरून ते तीन मिलिमीटर कुणालाही दिसत नाहीत.

टोकदार कोपरे गोल करा, ३ मिलिमीटर त्रिज्या पुरे. काटकोनातला कोपरा धुताना फडक्यात अडकतो आणि तिथूनच पट्टा उठायला सुरुवात होते. रचनेला टोकच हवं असेल तर निदान त्याचं अगदी शेवटचं टोक बोथट करा.

जोडीचे पट्टे किंवा जाड पट्ट्याशेजारची बारीक रेघ एकाच ट्रान्सफर टेपवर जाईल अशी मांडा. दोघांमधलं अंतर मग ग्राहकाला मोजावंच लागत नाही.

कापणं आणि वीडिंग

आधी चाचणी. साधारण २० मिलिमीटरचा चौकोन आणि त्यात एक त्रिकोण कापा, सोला, आणि पाठीचा कागद उजेडाकडे धरून बघा. कागदावर ब्लेडची पुसट रेघ दिसावी, पण ती कागदातून आरपार गेलेली नसावी. आपण स्वतः लावणार असू तर जरा खोल गेलेलं ब्लेड चालून जातं. इथे चालत नाही. कागद त्या रेघेवर फाटतो, निम्मा गमला चिकटून राहतो, आणि ग्राहक नखाने तो खरवडत बसतो. त्या खरवडण्यात कड ताणली जाते, ती कायमचीच.

लांब कापणीत रोल तिरका सरकत जातो. जेवढी लांबी कापायची तेवढा माल आधीच उलगडून सैल सोडा. प्लॉटर रोल ओढत असेल तर तो हमखास सरकतो. ब्लेड न टेकवता एकदा पूर्ण लांबीभर पुढे-मागे चालवून बघा. रोलरच्या खुणा दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर राहिल्या तरच कापा.

वीडिंग त्याच दिवशी उरका. ठेवून दिलं तर कापलेल्या फटीत गम पुन्हा एक होतो आणि सोलताना पट्ट्याची कड सोबत उचलली जाते. टाकाऊ भागात दर ३० सेंटिमीटरवर एक आडवी कापरेघ द्या, म्हणजे लांबच लांब चिकट शेपटी हातात येत नाही. सोलताना वर खेचू नका. मागे दुमडून, जवळजवळ सपाट कोनात न्या. पट्टा छापील असेल तर सॉल्व्हंट शाईला लॅमिनेट करण्याआधी किमान २४ तास सुकू द्या.

ट्रान्सफर टेप: खरं किट इथे तयार होतं

ओल्या पद्धतीला कागदी टेप घ्या, तिच्यातून पाणी शोषलं जातं. कोरड्या कामाला कागदी किंवा पारदर्शक दोन्ही चालतात. गाडीवरची खूण टेपमधून बघून जुळवायची असेल तर पारदर्शक बरी. चिकटपणा मध्यम ठेवा. टेप जास्त चिकट असली तर पट्टा गाडीवरून परत उचलून आणते, आणि कमी चिकट असली तर कागदावरून पट्टा उचलतच नाही. रोल बदलला की एक छोटा तुकडा काचेवर लावून बघायचाच.

टेप पट्ट्याच्या रुंदीपेक्षा मोठीच घ्या, एका पट्टीत काम झालं पाहिजे. दोन टेप शेजारी-शेजारी लावून एकमेकींवर चढवल्या तर त्या सांध्यावर स्क्वीजी उडी मारते आणि खाली विनाईलवर हवेची सरळ रेघ राहते. टेपवरची सुरकुती जशीच्या तशी पट्ट्यावर उमटते, म्हणून दिसली की तिथपर्यंत उचला आणि पुन्हा बसवा. मधून बाहेर दाबत जा. वरून झालं की पट्टा पालथा घालून कागदाच्या बाजूनेही एकदा स्क्वीजी फिरवा. बऱ्याच जणांकडून हे राहतं, आणि मग कागद काढताना पट्ट्याचं टोक कागदाबरोबरच निघून जातं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टेप हवी तशी वाकडीतिकडी कापून मोकळे होऊ नका. लांब स्टीलची पट्टी लावून, पट्ट्याच्या कडेपासून बरोबर २० मिलिमीटरवर, पूर्ण लांबीभर समांतर कापा. ही टेपची कडच ग्राहकाची फूटपट्टी होते. तो गाडीवर मास्किंग टेपची सरळ ओळ मारतो, आपल्या टेपची कड तिला भिडवतो, आणि पट्टा सरळ बसतो. त्याला डोळ्याने अंदाज घ्यावा लागत नाही. बोनेट, छप्पर, डिकीच्या तुकड्यांवर दोन्ही टोकांना टेपवर मध्याची बारीक रेघ मारा, बॉलपेनने, जोर न देता. जोर दिला तर विनाईलवर घळ पडते.

मग पालथं घालून पाठीच्या कागदाला आडवा छेद द्या, तुकड्याच्या साधारण मध्यावर. ब्लेड नुसतं टेकवून ओढायचं, फक्त कागद चिरला पाहिजे. हाताला सवय होईपर्यंत टाकाऊ तुकड्यांवर सराव करा. या छेदामुळे ग्राहक पट्टा मधोमध टेपने धरून ठेवतो, एका बाजूचा कागद काढून तो भाग लावतो, मग दुसऱ्या बाजूकडे वळतो. तीन फुटांची चिकट पट्टी हातात घेऊन झुंजण्याची वेळच येत नाही.

शेवटी टेपवर मोठ्या अक्षरांत: ‘उजवी ३, मागचा दरवाजा’, आणि गाडीच्या पुढच्या दिशेला बाण. एका किटमध्ये मी दोन्ही बाजूंचे तुकडे एकाच दिशेने कापून पाठवले होते, आरसा करायचा राहून गेला होता. ग्राहकाने सुट्टीचा दिवस राखून ठेवला होता, गाडी धुऊन पुसून तयार केली होती, उजवी बाजू सुंदर लावली होती, आणि डावीचा पहिला तुकडा हातात घेतल्यावर त्याला ते कळलं. माल मी पुन्हा पाठवला, पण त्याचा तो दिवस परत देता आला नाही. तेव्हापासून प्रत्येक जोडी पाठीला पाठ लावून खिडकीच्या उजेडात धरतो. दोन्हींच्या कडा एकमेकींवर बसल्या तर आरसा बरोबर आहे. जोडीमागे दहा सेकंद लागतात.

गुंडाळणं

पट्टा बाहेरच्या बाजूला, पाठीचा कागद आतल्या बाजूला. उलटं गुंडाळलं तर विनाईल आतून चेपलं जातं, कागदापासून सुटतं आणि बोगद्यासारख्या आडव्या सुरकुत्या पडतात. निदान ७५ मिलिमीटर व्यासाच्या नळीवर गुंडाळा. रबर लावू नका, त्याचा वळ उठतो. कागदाची रुंद पट्टी लावून तिलाच चिकटपट्टी मारा. ज्या क्रमाने लावायचे त्याच क्रमाने उलगडत येतील असे तुकडे गुंडाळा, पहिला सगळ्यात बाहेर. तयार किट गोदामात साठवू नका. ट्रान्सफर टेपचा गम दिवसागणिक, आणि गरमीत तर झपाट्याने, विनाईलला घट्ट धरू लागतो. ऑर्डर आली की कापायचं, आणि पंधरा दिवसांत लावा असं ग्राहकाला लिहून द्यायचं.

डब्यात आणखी काय

फेल्टची कड असलेली स्क्वीजी. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची पुसणी. थोडी मास्किंग टेप. ब्लेड मी कधीच घालत नाही. गाडीवर ब्लेड लागलं की वरचा क्लिअर कोट चिरतो आणि तिथून गंज धरतो. जादा टोक कागद काढण्याआधीच कात्रीने कापायचं, हे सूचनेत येतं.

आणि सरावाचा तुकडा. त्याच रोलमधला, त्याच टेपचा, तसाच मधे छेद दिलेला, ३० सेंटिमीटर लांब. खिडकीच्या काचेवर लावून बघायचा. काहीही वगळलं तरी हा वगळू नका. एकदा काचेवर हात बसला की गाडीवर तो थरथरत नाही.

सूचनापत्र

लांब पत्रक कुणी वाचत नाही, म्हणून एक पान, मोठी अक्षरं. माझं कोरड्या पद्धतीचं पान असं आहे:

‘आधी सरावाचा तुकडा काचेवर लावा. मगच पुढे वाचा.

गाडी सावलीत उभी करा. पत्र्यावर हात ठेवला तर गरम किंवा गारठलेला लागू नये. १५ ते २५ अंश उत्तम.

साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडी करा. मग अल्कोहोलने पुसा आणि ते उडून जायच्या आत कोरड्या फडक्याने टिपा. कडा आणि फटी दोनदा. त्यानंतर तिथे बोट लावू नका.

सगळे तुकडे कागदासकट मास्किंग टेपने गाडीवर लावून बघा. चार पावलं मागे जा. नंबर आणि बाण तपासा. जादा टोक आत्ताच कात्रीने कापा.

पहिल्या तुकड्यावर मधोमध मास्किंग टेपची आडवी पट्टी मारा. एका बाजूने उचला, छेदापासून निम्मा कागद काढा. पट्टा हलका ताठ धरा, ताणू नका. मधून टोकाकडे, एकमेकांवर चढत जाणाऱ्या छोट्या फटकाऱ्यांनी दाबा. मग मधली पट्टी काढून दुसरी बाजू.

ट्रान्सफर टेप सावकाश, स्वतःवर दुमडून, पत्र्याला लगटून काढा. पट्टा उठू लागला तर टेप परत टेकवा, दाबा, पुन्हा काढा.

फुगा राहिला तर कडेकडे ढकला. निघाला नाही तर सुईने टोचून दाबा. अगदी बारीक फुगे उन्हात काही दिवसांत आपोआप बसतात.

दोन दिवस गाडी धुऊ नका. नंतरही प्रेशरचा पाईप ३० सेंटिमीटर लांब धरा आणि कडेवर सरळ मारू नका.’

ओल्या पद्धतीसाठी दोन ठिकाणी बदल होतो. साफ पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-चारच थेंब टाकून गाडी आणि गम दोन्ही ओले करायचे. आणि पाणी दाबून काढल्यावर टेप लगेच न सोलता अर्धा तास थांबायचं. साबण जास्त झाला तर गम धरतच नाही, म्हणून ‘थेंब’ हा शब्द मी ठळक छापतो.

पार्सल गेलं तरी फाईल उडवू नका. तुकड्यांना टेपवर जे नंबर दिले तेच फाईलमध्ये ठेवा, शेजारी विनाईलचा रंग आणि रोलचा लॉट नंबर लिहा. पुढे कधी गाडीचा मागचा दरवाजा ठोकला गेला, नवा रंग मारला गेला, तर ग्राहकाने फक्त ‘उजवी ३’ एवढं कळवलं की पुरतं.